ऑपरेशनची तारीख ठरल्यावर

घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं की पहिली चर्चा तारखेची होते. अमावास्या नको, धाकट्याची परीक्षा संपू दे, बहिणीला रजा कधी मिळते ते बघू, पावसाळ्यात जखम चिघळते म्हणतात तर दिवाळीनंतर ठेवू. मग पैशांची जुळवाजुळव, विम्याची फाइल, डबा कोण पोचवणार, रात्री सोबत कोण झोपणार. आपली घरं अशा वेळी मनापासून कामाला लागतात आणि हे सगळं बहुधा नीट पार पडतं. ज्याचं ऑपरेशन आहे तो माणूस मात्र या धावपळीत एका बाजूला बसलेला असतो. त्याला कुणी काहीच काम दिलेलं नसतं. ‘तुम्ही फक्त आराम करा, बाकीचं आम्ही बघतो,’ असं प्रेमानं सांगितलं जातं आणि महिनाभर आराम करून, म्हणजे आहे ती ताकदही थोडी घालवून, तो टेबलावर जातो.

अपघात, फुटलेलं अपेंडिक्स, अडलेली बाळंतीण यांना तयारीला सवडच नसते. गुडघा बदलणं, हर्निया, पित्ताशयातले खडे, प्रोस्टेट, गर्भाशय या ऑपरेशनांना मात्र हाताशी दोन-चार आठवडे असतात, सरकारी रुग्णालयात तर कधी दोन-चार महिने. या दिवसांत रुग्णानं स्वतः काय केलं यावर पुढचं बरंच ठरतं. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी 1990 च्या दशकात याची नव्यानं मांडणी केली. विनाकारण उपाशी ठेवू नका, दुखणं नीट आवरा, लवकर उठवून चालवा आणि काय होणार आहे ते रुग्णाला आधीच सांगा, असं त्यांचं सूत्र होतं. त्यावरून युरोपातल्या सर्जननी 2001 मध्ये ‘इरास’ या नावानं काम सुरू केलं आणि आज मोठ्या रुग्णालयांत ती पद्धत रुळली आहे. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माची पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म अशी तीन अंगं सांगितली आहेत. त्यातलं प्रधानकर्म सर्जनच्या हातात असतं. पूर्वकर्माचा मोठा वाटा रुग्णाच्या हातात असतो, आणि आपण तो वाया घालवतो, अशी माझी तक्रार आहे.

तयारीच्याही आधी एक प्रश्न विचारावाच लागतो: हे ऑपरेशन खरोखर हवं आहे का? महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली जात असल्याच्या बातम्या 2019 मध्ये आल्या, तेव्हा विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या 82,309 महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यात अनेक जणी ऐन उमेदीच्या वयातल्या होत्या. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बाईला ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असं सांगितलं, तर पुढे प्रश्न विचारायची तिची हिंमत कुठून होणार? उचल घेतलेली, एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जाणार. अशा परिस्थितीत ‘एकदाचं काढून टाकू’ हा निर्णय तिनं मोकळेपणानं घेतला, असं म्हणणं मला अवघड जातं.

सुशिक्षित मध्यमवर्गही या बाबतीत फार सुरक्षित नाही. झिजलेला गुडघा दुर्बिणीनं साफ करण्याचं ऑपरेशन एके काळी सर्रास होत असे. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये 180 रुग्णांवर चाचणी झाली. काहींचा गुडघा खरोखर साफ केला, काहींच्या गुडघ्यावर नुसते छेद घेऊन टाके घातले. 2002 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक सापडला नाही. सोनोग्राफीत सहज दिसलेले, काहीही त्रास न देणारे पित्ताशयातले खडेही बहुतेकांना काढावे लागत नाहीत. म्हणून सर्जनला तीन गोष्टी थेट विचाराव्यात. ऑपरेशन केलं नाही तर काय होईल, सहा महिने थांबलो तर काय बिघडेल, आणि दुसरा उपाय कोणता? दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला संकोच वाटायचं कारण नाही. चांगला सर्जन रिपोर्टच्या प्रती स्वतःहून हातात देतो.

ऑपरेशन हवंच, असं ठरलं की सर्वांत महत्त्वाची भेट भूलतज्ज्ञाची. रुग्ण सर्जनचं नाव बघून रुग्णालय निवडतो, भूल कोण देणार हे त्याला टेबलावर कळतं. लहान नर्सिंग होममध्ये तर भूलतज्ज्ञ पाच ठिकाणी धावत असतात आणि पहिली भेट थिएटरच्या दारात होते. ही भेट निदान आठवडाभर आधी व्हायला हवी, कारण त्यात जे सापडतं त्यावर उपाय करायला दिवस लागतात. रुग्णालयात तिला ‘पीएसी’ म्हणतात, घरात ‘फिटनेस’. आणि फिटनेस म्हणजे रक्त, लघवी, ईसीजी आणि छातीचा फोटो अशी गठ्ठ्यानं केलेली तपासणी, असा समज पक्का आहे. मोतीबिंदूच्या साडेएकोणीस हजारांवर ऑपरेशनांचा अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशा नेहमीच्या तपासण्या केलेल्या आणि न केलेल्या रुग्णांच्या गुंतागुंतीत फरक नव्हता. मोठ्या ऑपरेशनला तपासण्या लागतातच, पण कोणत्या, हे रुग्ण बघून ठरतं. आणि रुग्णानं सांगितलेल्या माहितीची जागा कुठलाही रिपोर्ट घेऊ शकत नाही.

या भेटीत डॉक्टर काय बघतात ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. ‘आ करा, जीभ बाहेर काढा, मान मागे टाका.’ आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, हे बघायला सांगतात. पूर्ण भूल दिली की श्वासनलिकेत नळी घालावी लागते आणि ती तोंडातून जाते, म्हणून ही मोजणी. आपल्याकडे सुपारी आणि गुटख्यानं गालांची आतली त्वचा पांढरट, ताठ झालेले तरुण मोठ्या संख्येनं आहेत. त्यांचं एकच बोट कसंबसं आत जातं. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, तरी ही तोंडं रोज टेबलावर येतात. हे आधी कळलं तर रुग्ण जागा असतानाच नाकातून दुर्बिणीच्या साहाय्यानं नळी घालण्याची तयारी करता येते. भूल दिल्यावर कळलं, तर प्रत्येक मिनिट जिवावर बेततं.

त्यानंतर विचारतात, ‘तंबाखू खाता का?’ समोरच्या आजी ठामपणे ‘नाही’ म्हणतात. सोबतची सूनही मान डोलावते. मिश्री लावता का, असं विचारलं की मग उत्तर येतं, ‘ती लावते की, सकाळ-संध्याकाळ. दात चांगले राहतात.’ भाजलेल्या तंबाखूची ही पूड हिरड्यांवाटे निकोटीन शरीरात पोचवते. पण मराठी घरात ती तंबाखूत धरलीच जात नाही, म्हणून सांगितलीही जात नाही. दारूचंही तसंच. नातेवाइकांसमोर माणूस ‘कधीतरी’ म्हणतो. रोज घेणाऱ्याची दारू ऑपरेशनमुळे अचानक सुटली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरतात, भ्रम होतो, झटकेही येऊ शकतात. डॉक्टरांना आधी माहीत असेल तर हे टाळता येतं. म्हणून ज्या घरात वडीलधाऱ्यांसमोर बोलता येत नाही, तिथं भूलतज्ज्ञाला ‘मला तुमच्याशी दोन मिनिटं एकट्यानं बोलायचंय’ असं म्हणावं. तो रुग्णाचा हक्क आहे आणि डॉक्टरांच्याही सोयीचं आहे.

सांगितलं न जाणारं दुसरं गाठोडं पुड्यांचं. गुडघेदुखीवर कुठल्याशा गावाहून आणलेल्या, नाव नसलेल्या पुड्या, ‘अगदी जडीबुटीच्या’. एका आठवड्यात जादूसारखा आराम देणाऱ्या अशा पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. महिनोन्महिने ते पोटात गेलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं. मग ऑपरेशनच्या ताणाच्या वेळी रक्तदाब अचानक कोसळू शकतो, साखर वाढते, जखम भरत नाही. गुग्गुळ, लसणाच्या कॅप्सूल, जिन्सेंग यांचाही रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो. वैद्याचं औषध सुरू आहे हे सांगायला लाजू नये. डॉक्टर रागावतील या भीतीनं लपवलेली पुडी रागावण्यापेक्षा फार महाग पडते.

औषधांचा सगळ्यात सोपा नियम असा की यादी करत बसू नये. घरातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, इन्हेलर, डोळ्यांचे थेंब एका पिशवीत घालून थेट टेबलावर ओतावेत. कारण प्रत्येक गोळीचा निर्णय वेगळा असतो आणि तो रुग्णानं मनानं घेण्याचा नसतो. थायरॉइडची गोळी सहसा ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते. रक्तदाबाच्या गोळ्यांमध्ये मेटोप्रोलॉलसारखी गोळी अचानक सोडणं धोक्याचं, तर टेल्मिसार्टनसारखी त्या सकाळी अनेकदा थांबवतात. क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, ॲसिनोकुमारॉल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात. पण हृदयात स्टेंट बसवून वर्षही झालेलं नसेल, तर त्या परस्पर बंद केल्यानं स्टेंटच बंद पडू शकतो. तिथं सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलणं भागच आहे. दोघांचे दवाखाने शहराच्या दोन टोकांना असतील, तर त्यांना फोनवर आणायचं काम घरच्यांनी नेटानं करावं.

मधुमेहाबद्दल थोडं अधिक सांगितलं पाहिजे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आता आपल्याकडे स्वस्त झाल्या आहेत आणि घरोघरी पोचल्या आहेत. त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. उपाशी पोटी, ऑपरेशनच्या ताणात, त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साचू शकतं आणि त्या वेळी ग्लुकोमीटरवर साखर जवळपास सामान्य दिसते, म्हणून धोका चटकन ओळखू येत नाही. या गोळ्या किमान तीन दिवस आधी थांबवायच्या असतात. वजन कमी करण्यासाठी घेतली जाणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं जठर रिकामं व्हायला वेळ लावतात. रुग्ण आठ तास उपाशी असला तरी पोटात अन्न असू शकतं. ही इंजेक्शनं सौंदर्याच्या यादीत टाकून लोक डॉक्टरांना सांगत नाहीत. ती सांगायलाच हवीत. आणि इन्सुलिन? उपाशी आहे म्हणून ते पूर्ण बंद करू नये. डोस किती कमी करायचा हे लिहून घ्यावं.

आता शरीराकडे. भूलतज्ज्ञाच्या भेटीनंतर जे आठवडे उरतात, त्यात रक्त, फुप्फुसं आणि स्नायू या तिन्हींवर काम करता येतं.

रक्ताचं आधी बोलू, कारण ते सगळ्यात दुर्लक्षित आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे आपल्याकडे गर्भाशयाच्या, स्तनाच्या, पित्ताशयाच्या ऑपरेशनला येणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन कमी असणं हीच रीत झाली आहे. मग आदल्या दिवशी नऊचा आकडा दिसतो आणि रक्ताच्या पिशवीसाठी दिराला, भाच्याला फोन जातात. महिनाभर आधी तपासलं असतं तर लोहाच्या गोळ्यांनी किंवा शिरेतून दिलेल्या लोहानं बऱ्याच जणींचं भागलं असतं. घरातल्या सगळ्यांना वाढून उरलेलं खाणाऱ्या, वर सोमवार-गुरुवार उपास धरणाऱ्या बाईनं ऑपरेशनआधीचा महिना तरी उपास सोडावेत, असं मला कळकळीनं सांगावंसं वाटतं. साबुदाण्यानं जखम भरत नाही. डाळ, उसळ, दही, अंडी, मासे, जे ज्या घरात चालतं ते रोज तिच्या ताटात पडायला हवं.

फुप्फुसांसाठी सिगारेट, विडी, तंबाखू बंद. निदान चार आठवडे आधी सोडलं तर छातीच्या आणि जखमेच्या तक्रारी कमी होतात, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये पुराव्यानिशी सांगितलं. चार आठवडे उरले नसतील तर ‘आता काय उपयोग’ म्हणू नये. एक दिवस न ओढल्यानंही रक्तातला विषारी वायू उतरतो आणि प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता सुधारते. दुसरी गोष्ट श्वासाच्या व्यायामाची. श्वास ओढून तीन चेंडू उचलण्याचं ते प्लॅस्टिकचं यंत्र बहुतेक ठिकाणी ऑपरेशननंतर हातात देतात, जेव्हा पोट दुखत असतं, नळ्या लावलेल्या असतात आणि माणूस कण्हत असतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पोटाच्या मोठ्या ऑपरेशनच्या रुग्णांना आधी एकदाच अर्धा तास फिजिओथेरपिस्टनं बसवून श्वास कसा घ्यायचा, खोकायचं कसं, का, हे शिकवलं. नंतरचे फुप्फुसांचे त्रास जवळपास निम्म्यावर आले. 2018 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. याला महाग यंत्र लागत नाही, नवं औषध लागत नाही. अर्धा तास शिकवायला आणि शिकायला हवं. ते आपल्या प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी का होऊ नये?

स्नायूंचं गणित गुडघ्याच्या ऑपरेशनला स्पष्ट दिसतं. मांडीचे पुढचे स्नायू आधी बळकट केलेला माणूस वॉकर धरून लवकर उभा राहतो. गुडघा दुखतो म्हणून वर्षभर खुर्चीतच बसलेला माणूस नवा सांधा घेऊनही उभं राहायला घाबरतो. पलंगावर पाय सरळ ठेवून गुडघा खाली दाबणं, पाय सरळ उचलून धरणं, खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणं, एवढे साधे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून समजून घेऊन रोज करावेत.

उपाशी राहण्याचा नियम सगळ्यांना माहीत असतो, पण अर्धवट. ‘रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही’ हा हुकूम कुठून आला? न्यूयॉर्कचे डॉक्टर कर्टिस मेंडेलसन यांनी 1946 मध्ये 44,016 बाळंतपणांची नोंद तपासली. भुलीत असताना पोटातलं फुप्फुसात गेल्याच्या 66 घटना त्यांना सापडल्या. दोन स्त्रिया घन अन्न अडकून गुदमरून गेल्या होत्या. तेव्हापासून पोट रिकामं ठेवण्यावर भर आला, तो योग्यच होता. पुढे सोयीसाठी सगळ्यांना एकच वेळ, मध्यरात्र, लावली गेली आणि पाणी आणि पुरी-भाजी यांतला फरकच पुसला गेला. सुश्रुतसंहितेत हा फरक आहे, याचं मला कौतुक वाटतं. मूढगर्भ, उदर, मूळव्याध, मुतखडा, भगंदर आणि मुखरोग यांत उपाशी पोटी शस्त्रकर्म करावं, इतर ठिकाणी रुग्णाला आधी जेवू घालावं, असं तिथं सांगितलं आहे. जेवल्यावर भोवळ येत नाही, हे त्यामागचं कारण. त्या काळी आजच्यासारखी भूल नव्हती, म्हणून तो नियम आज लागू नाही. पण ऑपरेशन बघून पोटाचा नियम ठरवायचा, ही दृष्टी तिथं आहे.

आजचा सर्वमान्य नियम अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं 1999 पासून मांडला आहे. तळलेलं, मटण, भरपेट जेवण आठ तास आधी थांबवायचं, हलका आहार सहा तास आधी, आईचं दूध चार तास आणि पाण्यासारखं पारदर्शक पेय दोन तास आधी. आपल्या स्वयंपाकघरात हे उतरवलं तर दुधाचा चहा सहा तासांत येतो. ‘नुसता अर्धा कप चहाच घेतलाय’ हे वाक्य रोज कुठल्या ना कुठल्या थिएटरबाहेर ऐकू येतं आणि ऑपरेशन पुढे जातं. दूध पोटात दह्यासारखं जमतं, म्हणून ते पेयात धरत नाहीत. साधं पाणी, कोरा चहा, शहाळ्याचं गाळलेलं पाणी दोन तासांपर्यंत बहुतेकांना चालतं. जुना मधुमेह, गरोदरपण, आतड्याला अडथळा असेल तर नियम बदलतो. अडचण अशी की यादीत चौथा नंबर असलेल्या, सत्तरीच्या रुग्णालाही रात्री दहापासून कोरडं ठेवलं जातं आणि त्याचा नंबर दुपारी तीनला लागतो. सतरा तास! त्याची साखर उतरते, डोकं दुखतं, शिरा सापडत नाहीत. ‘माझा नंबर अंदाजे किती वाजता, आणि पाणी किती वाजेपर्यंत प्यायचं?’ हे आदल्या संध्याकाळी विचारून घड्याळाच्या आकड्यासह लिहून घ्यावं. आणि घरच्यांनी दया येऊन गुपचूप बिस्किट देऊ नये. दिलंच असेल तर ते लगेच सांगावं.

संमतीपत्र हा या तयारीतला माझ्या मते सर्वांत हलगर्जीपणानं उरकला जाणारा भाग आहे. भरतीच्या गडबडीत, इंग्रजीत छापलेल्या चार पानांवर फुल्या मारलेल्या असतात. ‘इथं, इथं आणि इथं सही करा.’ सही पुष्कळदा नवऱ्याची किंवा मुलाची घेतात, रुग्ण शुद्धीवर, शेजारी बसलेला असताना. कायदा याच्या उलट आहे. समीरा कोहली खटल्याची हकिगत प्रत्येक घरात माहीत असावी. 44 वर्षांची ही अविवाहित स्त्री दुर्बिणीनं तपासणी करून घेण्यासाठी भुलीखाली होती. तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी तिचं गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकले. 16 जानेवारी 2008 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की तपासणीची संमती उपचाराला चालत नाही. जिवाला तातडीचा धोका नसेल, तर सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या रुग्णाऐवजी नातेवाइकाची संमतीही चालत नाही. तिला भरपाई 25,000 रुपयांची मिळाली. गेलं त्यापुढे ही रक्कम काहीच नव्हती, पण निकालानं पुढच्या सगळ्या रुग्णांना हक्क दिला.

म्हणून संमतीपत्र एक-दोन दिवस आधी मागून घ्यावं. मराठीत नसेल तर मराठीत समजावून मागावं. दुर्बिणीनं सुरू केलेलं ऑपरेशन पोट उघडून करावं लागण्याची शक्यता किती, आत काही वेगळं आढळलं तर काय करणार, काय करू नये असं मला वाटतं, हे सगळं त्या कागदावर यायला हवं. भुलीची संमती वेगळी असते. कंबरेखालचा भाग बधिर करायचा की पूर्ण भूल, यात अनेकदा निवड असते. पाठीतल्या इंजेक्शनानं जन्मभर कंबर दुखते हा समज घरोघरी आहे, त्याला अभ्यासांनी दुजोरा दिलेला नाही. काहींना नंतर डोकेदुखी होते, आणि बारीक सुया आल्यापासून तीही खूप कमी झाली आहे.

पैशांबद्दल थोडक्यात, कारण त्यावर घरात बोलणं होतंच. अंदाजपत्रक लेखी घ्यावं आणि त्यात काय नाही हे विचारावं. विमा असेल तर खोलीच्या भाड्याची मर्यादा आधी वाचावी. पाच हजारांची मर्यादा असताना दहा हजारांची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींमध्ये डॉक्टरांच्या फीसह बराच खर्च त्याच प्रमाणात कापला जातो. विमा नियामकानं 2024 मध्ये कॅशलेसच्या मंजुरीला एक तास आणि डिस्चार्जच्या मंजुरीला तीन तास अशी मुदत घालून दिली आहे, ती काउंटरवर ठणकावून सांगता येते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार घेऊन भरतीआधीच भेटावं. आणि धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, हे 2006 च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या योजनेपासून बंधनकारक आहे. कृत्रिम सांध्याच्या किमतीवरही केंद्रानं ऑगस्ट 2017 मध्ये मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम गुडघ्याला तेव्हा कर सोडून 54,720 रुपये ठरले. बसवलेल्या सांध्याचे स्टिकर बिलाबरोबर मागून जपून ठेवावेत.

ऑपरेशनच्या सकाळी अंघोळ साबणानं करावी. घरी वस्तऱ्यानं केस काढू नयेत, बारीक कापांतून जंतू शिरतात. नखांवरचं पॉलिश काढावं, गडद मेंदी महिनाभर टाळावी, कारण बोटाला लावलेलं यंत्र रंगातून प्राणवायू मोजतं. कवळी, चष्मा, श्रवणयंत्र काढून नातेवाइकाकडे द्यायचं असतं. मंगळसूत्र काढायला पुष्कळ जणींचा जीव होत नाही. वरून चिकटपट्टी लावून ठेवा म्हणून विनवण्या होतात. थिएटरमध्ये विजेवर चालणाऱ्या उपकरणामुळे धातूपाशी त्वचा भाजण्याचा धोका असतो, हे शांतपणे समजावून सांगितलं आणि ते सासूच्या किंवा नवऱ्याच्या हातात दिलं, तर बहुतेक जणी ऐकतात. अशा वेळी परिचारिकेनं दटावू नये. बाई घाबरलेली असते.

आत गेल्यावर तेच तेच प्रश्न तीनदा विचारले जातात. नाव काय, कशाचं ऑपरेशन, कुठल्या बाजूचं, कशाची ॲलर्जी? ‘यांना काहीच माहीत नाही का’ असं वाटून घाबरू नये. ही तपासयादी जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 मध्ये आणली. त्या कामाचं नेतृत्व अमेरिकेतले सर्जन अतुल गवांदे यांनी केलं. त्यांचे वडील आत्माराम गवांदे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. एकोणीस मुद्द्यांची ही यादी आठ शहरांत, त्यात दिल्लीही होती, वापरून पाहिली तेव्हा मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले आणि गुंतागुंत 11 वरून 7 टक्क्यांवर. ज्या बाजूचं ऑपरेशन आहे तिथं मार्करनं खूण करून घेणं हा त्यातलाच भाग. खूण केली नसेल तर रुग्णानं स्वतः मागावी.

घरची तयारी भरतीच्या आधी संपायला हवी. भारतीय पद्धतीच्या संडासावर खुर्ची बसवणं, पलंगाची उंची वाढवणं, पायपुसणी आणि सैल सतरंज्या उचलणं, वॉकर आणून आठवडाभर आधीच त्यावर चालून बघणं. सत्तरीच्या पुढच्या रुग्णाला भुलीनंतर एक-दोन रात्री भ्रम होऊ शकतो. माणसं ओळखू येत नाहीत, सलाईन उपटलं जातं. घरच्यांना वाटतं डोक्यावर परिणाम झाला. तो बहुधा काही दिवसांत ओसरतो, आणि शुद्धीवर आल्या आल्या चष्मा, श्रवणयंत्र आणि ओळखीचा आवाज मिळाला तर मदत होते. म्हणून पहिल्या रात्री सोबतीला घरातलंच, रुग्णाला सवयीचं माणूस हवं. भेटायला येणाऱ्या बाकीच्यांना आठवडाभर फोनवरच थांबवावं.

कोणत्या लक्षणासाठी सकाळपर्यंत वाट बघायची नाही, हेही आधीच विचारून लिहून ठेवावं. थंडी वाजून ताप, जखमेतून पू किंवा ताजं रक्त, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप, लघवी न होणं, थांबत नसलेल्या उलट्या. आणि रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा, तो नंबर खरोखर उचलला जातो का, हे विचारण्याची वेळ भरतीच्या आधीची. डिस्चार्जच्या दिवशी बिल, विमा आणि गाडीच्या गडबडीत ते राहून जातं.